सरपंचाचा डोंगल कोणाच्या ड्रॉवरमध्ये?

प्रश्न : नाना, आमच्याकडे पारावर जोरात वाद झाला. पोरं म्हणतात सरकारी नोकरीला एमएस-सीआयटी लागतं, मग नेत्याला का नको? ज्याला कॉम्प्युटर येत नाही त्याला तिकीटच देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, ऐकायला झकास वाटतं पण मला काही पटत नाही. आमदारकीला शिक्षणाची अटच नाही, थेट सरपंचाला आहे तीही १९९५ पासून पुढे जन्मलेल्यांना, सातवी पास एवढीच. आणि वसंतदादा पाटील काही फार शिकलेले नव्हते, पण १९८३ ला मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार त्यांनीच उघडलं, आज पुण्यात आयटीत बसलेली आपली कितीतरी पोरं अशाच कॉलेजातली. उलट जपानचे योशिताका साकुरादा, खातं सायबर सुरक्षेचं, आणि २०१८ मध्ये संसदेत सांगून मोकळे की मी कधी कॉम्प्युटर वापरलाच नाही! बरं तेही चाललं असतं, पण यूएसबीबद्दल विचारलं तर साहेब गोंधळले, खरी पंचाईत तिथे झाली.

म्हणजे टायपिंग नको, पण आपल्या नावानं मशीनमध्ये काय चाललंय ते कळायला पाहिजे. आता ग्रामपंचायतीचंच घ्या. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवरून जातो, ग्रामसेवक बिल टाकतो आणि सरपंचाची डिजिटल सही लागली की पेमेंट सुटतं, चेकबुकाचा विषयच नाही. एका गावात मी बघितलं, सरपंचाचा डोंगल, म्हणजे ही डिजिटल सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडनं चिठ्ठी गुंडाळलेली आणि चिठ्ठीवर पिन!! सरपंच तिकडे केळीला पाणी देताहेत आणि इकडे गटारीच्या बिलावर त्यांची सही झालीसुद्धा. विचारलं तर म्हणे, "आपल्याला त्यातलं काही समजत नाही भो, तो पोरगा चांगला आहे." असेलही चांगला, पण उद्या चौकशी लागली तर नोटीस पोराला नाही येणार. बाई सरपंच असली की अजून पुढची गंमत, ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर. पन्नास टक्के आरक्षण कागदावर, आणि कारभार सरपंचपतीच्या खिशात.

देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला वाटलं. आता रेशनला अंगठा लागतो आणि कापूस वेचून वेचून बोटं घासलेल्या म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाही, ती रडत नेत्याकडेच येते ना? तिथे "सर्व्हर डाऊन असेल मावशी" म्हणून वाटेला लावणारा नेता मला नको, मग तो रोज फेसबुक लाईव्ह करो. दुकानदाराला फोन लावून अंगठा नाही जुळला तर दुसरी सोय काय, आणि ती का दिली नाही, एवढं खडसावून विचारणारा चालेल, माऊस कसा धरतात हे माहीत नसलं तरी.

तिकिटाचं पक्षवाले बघतील, तुम्ही पारावर उमेदवार आला की डोंगल आणि पिन कोणाकडे ठेवणार एवढं विचारून बघा.