दोन सेकंदांचं कोण विचारतंय?

या महिन्यात बीट बनवणाऱ्या मुलांचे इतके प्रश्न आले, की माइक आणि मिक्सिंग बाजूला ठेवून फक्त सॅम्पलवरच, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्यांवरच लिहितो.

प्रश्न : सातपूरला घरीच बीट बनवतो. जुन्या हिंदी गाण्यातला दोन सेकंदांचा व्हायोलिनचा तुकडा उचलला, पिच खाली आणली, उलटा फिरवला. मित्र म्हणतात, सात सेकंदांपर्यंत चालतं. खरं का?

नाही. सात सेकंद, पंधरा सेकंद, आठ मात्रा हे सगळे आकडे कट्ट्यावरचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॅम्पलसाठी सेकंदांची मोजपट्टीच नाही. आपलं रेकॉर्डिंग दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये घालू द्यायचं की नाही, हे ठरवायचा हक्क मालकाचा. वाद झालाच तर घेतलेला भाग किती भरीव आहे, ते बघतात. अमेरिकेत तर कोर्टांचंच एकमत नाही. २००५ मध्ये एका अपील कोर्टाने गिटारच्या दोन सेकंदांवरून सुनावलं, की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये दुसऱ्या कोर्टाने पाव सेकंदाहूनही छोटा ब्रासचा (ट्रम्पेटसारख्या वाद्यांचा) ठोका सोडून दिला.

उलटा फिरवलेला तुकडा यूट्यूबच्या यंत्राला सापडेलच असं नाही, हे मान्य. पण गाणं चाललं की ओळखणारे कान भेटतातच. शिवाय गाणं अपलोड करताना डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे ते ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीला, तुम्ही 'सगळं माझं आहे' असं लिहून दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. तुमचं गाणं चालणारच नाही याची खात्री असेल, तर मग बिनधास्त टाका!

प्रश्न : आजोबांकडे १९५२ ची तबकडी आहे, निवृत्तिनाथांच्या अभंगाची. इतकं जुनं म्हणजे फुकटच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. गाणं ही एक वस्तू नव्हे, तीन आहेत : शब्द, चाल आणि रेकॉर्ड. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि तिघांची घड्याळंही वेगळी चालतात.

शब्द निवृत्तिनाथांचे, म्हणजे सगळ्यांचे. रेकॉर्डचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९५२ ची तबकडी आपल्याकडे २०१२ अखेर मोकळी झाली. राहिली चाल. तिचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चाल बांधणारा १९८० साली गेला असेल, तर २०४० संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या. पारंपरिक चाल असेल तर प्रश्नच मिटला. पंचवटीत राहिलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली गेले, त्यांच्या चाली केव्हाच मोकळ्या झाल्या. उलट आपल्या सिन्नरच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गेले २००४ मध्ये. त्यांचे शब्द रॅपमध्ये घ्यायचे असतील, तर २०६४ अखेरपर्यंत हक्कदारांना विचारावंच लागेल. गाणी घरोघरी म्हटली जातात म्हणून ती बेवारस होत नाहीत.

आणखी एक मेख. ती तबकडी नाशिकमध्ये मोकळी असली, तरी १९४७ ते १९५६ मधल्या रेकॉर्डना अमेरिकेत ११० वर्षांचं संरक्षण आहे. तुमचं गाणं जगभर जाणार असेल तर तिथे ते अडकू शकतं. अपलोड करताना देश निवडता येतात, तेवढी काळजी घ्या. तबकडीऐवजी कुणी अलीकडे साफसूफ करून काढलेली सीडी वापरणार असाल, तर तिच्यावर कंपनी दावा सांगू शकते. त्यापेक्षा आजोबांची तबकडीच वाजवून रेकॉर्ड करा. खरखर आली तर येऊ द्या, लोक हल्ली ती पैसे देऊन विकत घेतात.

प्रश्न : मिरवणुकीत मोबाइलवर नाशिक ढोल रेकॉर्ड केला. तो ट्रॅकमध्ये घातला तर?

रेकॉर्डिंग तुमचं, ठेका कुणाचाच नाही. पण वाजवणाऱ्या पोरांचा कलाकार म्हणून हक्क आहे, आणि तो ५० वर्षं टिकतो. पथकाच्या प्रमुखाला भेटा, वादकांच्या सह्या घ्या, ठरलेले पैसे द्या आणि नाव लिहा. मागे डीजेवर सिनेमाचं गाणं चालू असेल तर ती टेक फेकून द्या, ते गाणं ढोलातून वेगळं काढता येत नाही. खरं तर पथकाला सरावाच्या वेळी गाठा, माइक लावा. मोबाइलमधला ढोल सगळीकडे फाटलेलाच वाजतो.

प्रश्न : रॉयल्टी-फ्री लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, पैसे देऊन घेतला, तरी यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आला.

तोच लूप आणखी शेकडो जणांनी घेतलाय, त्यातल्या कुणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रात नोंदवलंय. परवान्याची पावती जोडून डिस्प्यूट (हरकत) टाका. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात.

प्रश्न : सॅम्पल घातलेलं गाणं टाकून आठ महिने झाले, आता म्युझिक कंपनीचा मेल आलाय. काय करू?

आधी गाणं उतरवा, मग उत्तर लिहा. घाबरून 'मला माहीत नव्हतं' असं लिहू नका, त्याने उल्लंघन पुसलं जात नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. तिथवर क्वचितच जातं, पण वाटाघाटीत समोरच्याच्या हातात तो हुकमाचा पत्ता असतो.

मोठ्यांचंही हेच होतं. बप्पी लाहिरींच्या चालीवर लताबाईंनी गायलेल्या गाण्याचा तुकडा ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेने २००२ च्या गाण्यात वापरला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कोर्टाने बप्पीदांचं श्रेय दिल्याशिवाय विक्री बंद ठेवायचा आदेश दिला.

तुकडा नव्याने वाजवून घेतला तर रेकॉर्डचा प्रश्न सुटतो, चालीचा राहतोच. म्हणून मेलमध्ये दोन्हींचा भाव विचारा. किती सेकंद, कोणते देश, किती वर्षं, हे सगळं लिहा आणि डेमो जोडा. मीही एका जाहिरातीत सनईचा तुकडा न विचारता घातला होता. मानधन परत गेलं, वर वकिलाची फी. आणि मेलला महिनाभर उत्तर आलं नाही तर 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणून गाणं परत चढवू नका.