घाटउतारावर दबणारे शॉकअप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९९०च्या दशकातील शंभर सीसीची मोटारसायकल आहे. देवगडहून फोंडा घाटमार्गे कोल्हापूरला माझे नेहमी जाणेयेणे असते. घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की गाडीची पुढची बाजू बरीच खाली जाते आणि त्यातच खड्डा आला तर शॉकअप तळाला आदळल्याचा आवाज येतो. डाव्या पाइपवरून तेलही ओघळते. गॅरेजमध्ये दोन्ही शॉकअपमध्ये जाड तेल भरून घेतले, पण दबणे थांबले नाही. उलट खराब रस्त्यावर मनगटांना हिसके बसू लागले. आणखी जाड तेल भरावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आणखी जाड तेल कृपया भरू नका. आपला त्रास मुख्यतः स्प्रिंगचा दिसतो आणि उपाय मात्र तेलावर झाला आहे.

ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. तो भार शेवटी किती खाली दाबेल हे स्प्रिंग ठरवते. तेल केवळ ते दबणे किती वेगाने होईल एवढेच ठरवते. फोंडा घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक बराच वेळ लावलेला असतो, त्यामुळे तेल कितीही जाड असले तरी पुढची बाजू हळूहळू का होईना, तेवढीच खाली बसते. याउलट, त्या काळच्या साध्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीत, तेल आतल्या रॉडच्या ठरावीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्याला होणारा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खड्ड्याच्या धारेवर चाक झटक्यात वर उचलले जाते, तेव्हा जाड तेल त्या छिद्रांतून पुरेशा वेगाने जाऊ शकत नाही आणि धक्का थेट हँडलवर येतो. मनगटांना बसणारे हिसके त्याचेच आहेत.

तरीही पहिले काम गळतीचे आहे, कारण ओघळणारे तेल चाकाच्या दिशेने उतरते आणि ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचले तर घाटात ब्रेक लागणार नाही. नवे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बसवण्याआधी पाइप पुसून सील ज्या पट्ट्यावर सरकते त्यावरून नख फिरवून पाहावे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत सील बहुधा स्वतःहून खराब होत नाही. पाइपवरच्या हार्ड क्रोममध्ये, म्हणजे क्रोमच्या कठीण मुलाम्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात, खाऱ्या हवेतील ओल त्यांतून खालच्या पोलादापर्यंत जाते, गंज क्रोमला वर उचलतो आणि त्या खड्ड्यांच्या धारा सीलची ओठासारखी कड कापतात. अशा पाइपवर नवे सील बसवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधीच पुन्हा गळती ओढवून घेणे. नख अडकत नसेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून पाइपभोवती आडवा फिरवणे पुरते. नख अडकत असेल, तर पाइप बदलावा किंवा घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावा. आपण कोल्हापूरला जाताच. तिथे फाउंड्री आणि मशिनिंगचा उद्योग मोठा असल्याने अशा कामाची चौकशी तेथेच करणे सोयीचे होईल. पाइप वाकलेला असेल तर सपाट काचेवर लोळवताच कळते, आणि वाकलेला पाइप सरळ करून वापरण्याच्या मी विरोधात आहे.

आता स्प्रिंग. शॉकअप खोलल्यावर दोन्ही स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून ती गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील किमान लांबीशी ताडून पाहावी. कमी भरली तर दोन्ही एकदमच बदलाव्यात. स्प्रिंग ठीक असूनही गाडी दबत असेल तर बसकण, म्हणजे वजनाने पुढची बाजू किती खाली बसते ते, मोजावी. पुढचे चाक उचलून धरून धूळ सीलपासून खालच्या टीपर्यंतचे (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या खालच्या आडव्या भागापर्यंतचे) अंतर घ्यावे, मग गाडी चाकांवर उभी करून, दुसऱ्याला धरायला लावून, नेहमीसारखे बसावे आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतील फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या (तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्या अंतराच्या) पाव ते एक तृतीयांश असावा. १२० मिमी चाल असेल तर ३० ते ४० मिमी.

फरक थोडाच जास्त असेल, तर स्प्रिंगच्या वर १० ते २० मिमीचा स्पेसर, म्हणजे नळीचा आखूड तुकडा, घालून गाडी वर उचलता येते. मात्र स्पेसरमुळे स्प्रिंग ताठ होत नाही, ती केवळ आधीपासून दाबलेली राहते. शिवाय फार लांब स्पेसर घातला तर चाल संपण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसतात. ब्रेकखाली दबणे खरोखर कमी करायचे असेल तर ताठ स्प्रिंगच हवी. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे बाकी सर्व मापे तीच ठेवून ४ मिमीऐवजी ४.२ मिमीची तार घेतली तरी ताठपणा सुमारे २१ टक्के वाढतो. एवढ्या लहान फरकाचा एवढा परिणाम होत असल्याने, दुसऱ्या गाडीची ‘बसते’ म्हणून मिळणारी स्प्रिंग मोजल्याशिवाय घालू नये.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या श्रेणीचेच, फोर्कसाठीचे घ्यावे. इंजिन ऑइल त्या कामासाठी बनवलेले नसते. एकाच क्रमांकाचे तेलही कंपनीनुसार कमीअधिक पातळ असते, म्हणून डब्यावर ४० अंश सेल्सिअसची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) दिली असेल तर ती पाहावी. तेलाचे प्रमाण केवळ मापाने न भरता, स्प्रिंग बाहेर काढून आणि शॉकअप पूर्ण दाबून, पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतची पोकळी दोन्ही बाजूंना मोजून सारखी करावी. या पोकळीतील हवादेखील स्प्रिंगचे काम करते. तळाला आदळणे थोडेसेच उरले असेल, तर तेलाची पातळी ५ मिमीने वाढवून पाहण्यास हरकत नाही; त्याहून पुढे जाऊन सीलवर दाब वाढवू नये.

खोलताना गाडी इंजिनखाली भक्कम टेकवावी आणि वरचा नट शेवटच्या आट्यांवर हाताने दाबून धरावा, कारण त्याखाली स्प्रिंग दाबलेली असते. जोडताना ॲक्सल ढिला ठेवून शॉकअप काही वेळा दाबावेत, मगच सर्व नट घट्ट करावेत. दोन पाय एकमेकांना समांतर बसले नाहीत तर नवे सामानही अडखळत चालते. चाक वर असतानाच शॉकअपचे खालचे टोक पुढेमागे हलवून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग, तेही तपासावे. त्यातील ढिलेपणाचा ठक्क आवाज अनेकदा शॉकअपच्या माथी मारला जातो.

रॉडवर बसणाऱ्या झडपा, म्हणजे इम्युलेटर, हा पुढचा टप्पा आहे. त्यांनी हळू दबणे आणि जोराचा धक्का यांना वेगवेगळा विरोध देता येतो, पण आपल्या फोर्कच्या आतील व्यासाची झडप मिळते का, हे आधी पाहावे लागेल. वरचे सर्व काम झाल्यावर बहुतेकांना त्यांची गरज वाटत नाही.

प्रश्न : पाइपवर रबरी गेटर (घड्यांचे आवरण) बसवले तर गंज टळेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : लाल मातीची धूळ आणि चाकाने उडवलेला चिखल नक्कीच टळेल. खारी ओल मात्र आत अडकून राहते आणि गेटर असल्यामुळे ती दिसतही नाही. म्हणून खालच्या बाजूला छिद्रे असलेलेच गेटर घ्यावेत आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ते वर सरकवून पाइप गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा, नंतर फोर्क ऑइलचा अगदी पातळ हात द्यावा. एवढे करणे शक्य नसेल तर पाइप उघडाच ठेवून समुद्रकाठी गाडी नेली त्या प्रत्येक दिवशी पुसणे मला अधिक पसंत आहे.