खात्यातले चार लाख कुणाचे?

सांगलीच्या गावभागातून एका फोटोग्राफर वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, पत्नी, दोन मुलं, भाड्याचा स्टुडिओ, वर्षाला लग्नाच्या २४ ऑर्डरी, पॅकेज सरासरी ७५ हजारांचं. लिहितात, 'खात्यात चार लाख शिल्लक पडलेत. बँकेतले साहेब म्हणतात, एकरकमी योजनेत टाका, पाच वर्षांत दुप्पट, वर पाच लाखांचा विमा. मला वाटतं नवीन कॅमेरा घ्यावा, वर्षाला पाच ऑर्डरी तरी वाढतील. काय करू?' जाता जाता अभिमानानं कळवतात, 'लग्नाच्या दिवशीच पूर्ण हिशेब घेतो, एक रुपया उधारी नाही. अक्षय तृतीयेनंतरच्या १२ ऑर्डरी बुक आहेत, प्रत्येकी २५ हजार ॲडव्हान्स आलाय. गेल्या सीझनचे ११ अल्बम तेवढे राहिलेत, पार्टी फोटोच निवडून देत नाही.'

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या ओळींतच आहे. १२ ऑर्डरींचे २५ हजार, म्हणजे तीन लाख. यातला एकही फोटो अजून काढलेला नाही. ११ अल्बम, छपाईचे दहा हजार प्रत्येकी, म्हणजे एक लाख दहा हजार. पैसे घेऊन झालेत, माल द्यायचाय. बेरीज चार लाख दहा हजार, खात्यात चार लाख. तुम्ही दहा हजारांनी मागे आहात आणि गुंतवू कुठे म्हणून विचारताय.

उधारी नाही हे खरंच. तुम्हाला कुणाकडून येणं नाही, पण तुमच्याकडून तेवीस घरांना देणं आहे.

खर्चाचा कागद जोडलात ते बरं केलंत. सिनेमॅटिक व्हिडिओवाल्याचे दोन दिवसांचे १६ हजार, ट्रॅडिशनल व्हिडिओचे ६, ड्रोनचे ६, एडिटिंगचे १०, अल्बमचे १०, गाडी आणि पोरांचा चहा-नाष्टा ४. एकूण ५२. ऑर्डरीमागे हातात २३ हजार. २४ ऑर्डरींचे साडेपाच लाख. त्यातून भाडं, वीज, दुरुस्ती सव्वा लाख गेलं की सव्वाचार लाख, महिन्याला ३५ हजार. पत्रात 'माझं उत्पन्न १८ लाख' लिहिलंय, ती उलाढाल झाली. घरखर्चही तुम्ही ३५ हजारच लिहिलाय. मग शिल्लक आली कुठून? पुढच्या लग्नाच्या ॲडव्हान्समधून मागच्या लग्नाचा अल्बम छापायचा, असं चाललंय. बुकिंग येत राहतं तोवर हे चालतं.

आणि २०२६ मध्ये ते थांबणार आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन सीझनमधला महिना कोरडा. त्यानंतर थोड्या तिथी, जुलैअखेर आषाढी, की तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने साखरपुडे आणि बारशी. तोवर हे चार लाख योजनेत अडकलेले असतील, तर सिनेमॅटिकवाल्याला पैसे कुठून देणार? तो काही पाच वर्षं थांबत नाही.

साहेबांच्या योजनेवर जास्त शाई घालवत नाही. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पंधरा टक्क्यांच्या घरात. विमा जोडलेली अशी योजना बहुधा बाजाराशी जोडलेली असते आणि तिच्यात असा आकडा कुणीही कबूल करू शकत नाही. लेखी मागा, साहेब लगेच चहा मागवतील. पाच वर्षं पैसा बाहेर निघणार नाही, हे मात्र त्यात पक्कं असतं. आणि चार लाख भरून पाच लाखांचा विमा म्हणजे तुमच्या माघारी घराला वर्षभर पुरेल एवढी रक्कम. विमा पाहिजेच, पण निव्वळ टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला नुसता जीवनविमा, निदान ५० लाखांचा. त्यासाठी कंपनी आयकर रिटर्न बघते, तेव्हा रिटर्नमध्ये उत्पन्न किती दाखवता तेही तपासून घ्या.

आता कॅमेरा. पाच ऑर्डरी वाढतील म्हणता. कशावरून? पार्टी कॅमेऱ्याच्या बॉडीचं मॉडेल विचारत नाही, मावसभावाच्या लग्नातला अल्बम बघून येते. आणि तो अल्बम अजून तुमच्या हार्ड डिस्कवर आहे! समजा वाढल्याच, तर उलाढाल पावणेबावीस लाख. सेवेच्या धंद्यात २० लाखांवर जीएसटी नोंदणी लागते आणि फोटोग्राफीला दर १८ टक्के. पार्टीनं वरचे पैसे दिले नाहीत, तर ७५ हजारांतले सुमारे साडेअकरा हजार कराचे. तुमच्या २३ हजारांतले निम्मे! लॅबच्या आणि कॅमेऱ्याच्या बिलावर भरलेला कर यातून थोडाफार वळता होईल, पण तुमची बहुतेक माणसं बिल देणारी नाहीत. दर ठरवताना हे आधीच धरायला हवं.

कॅमेरा घ्यायचं एक कारण मला पटतं आणि ते तुम्ही लिहिलेलंच नाही. तुमच्या जुन्या बॉडीत एकच मेमरी कार्ड बसतं. ते ऐन मंगलाष्टकांत उडालं, तर अक्षता परत टाकायला कुणी येत नाही. तेव्हा दोन कार्डांची बॉडी घ्यायची, पण स्वतःच्या नफ्यातून, एक-दोन सीझननंतर. तोवर दाट तिथीला भाड्यानं आणा.

सोमवारी दुसरं खातं उघडा. चारही लाख तिकडे टाका. यापुढचा प्रत्येक ॲडव्हान्स तिथेच, आणि तो उचलायचा लग्नाच्या दिवशी. लग्न झालं की त्यातले दहा हजार अल्बम छापून होईपर्यंत परत तिथेच ठेवायचे. बुकिंगच्या पावतीवर एक ओळ वाढवा, तीस दिवसांत फोटो निवडले नाहीत तर निवड आमची. आणि त्या ११ घरांना फोन करा, आठवड्यात यादी आली नाही तर मीच लावतो म्हणून सांगा. वधूची आई त्याच संध्याकाळी स्टुडिओत येते, माझ्या एका क्लायंटचा अनुभव आहे.

स्टुडिओ तळमजल्यावर आहे असंही लिहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. दुकानाच्या विम्यात पूर धरलाय का आणि कॅमेरे बाहेर नेल्यावर संरक्षण आहे का, हे पॉलिसी काढून वाचा. विम्यातून कॅमेऱ्याचे पैसे मिळतात, कुणाच्या सप्तपदीचे फोटो मिळत नाहीत. हार्ड डिस्क तेवढ्या आजच वरच्या मजल्यावर न्या, आणि एक संच विश्रामबागला मेहुण्याकडे ठेवा.