अमेरिकेत नेब्रास्कातल्या होमस्टेड पार्कमध्ये डॅनियल फ्रीमनची कबर पाहायला मुद्दाम जावं का? आम्ही लिंकनला मुलाकडे आलोय.

नक्की जा. लिंकनहून दक्षिणेला गाडीने तासाभरावर बिॲट्रिस गाव आहे, त्याच्या पश्चिमेला हे पार्क. प्रवेश फुकट.

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकननं 1862 मध्ये होमस्टेड कायद्यावर सही केली: 160 एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथं राहून शेती करा, मग ती तुमची. कायदा 1 जानेवारी 1863 ला लागू झाला आणि त्याच दिवशी फ्रीमननं अर्ज भरला. ब्राउनव्हिलचं जमीन कार्यालय त्याच्यासाठी मध्यरात्रीनंतर लगेच उघडलं, असं सांगतात. तो 1908 मध्ये गेला. त्याची आणि पत्नी ॲग्नेसची कबर त्याच जमिनीत, पूर्वेकडच्या उंचवट्यावर आहे.

पण थेट कबरीपाशी जाऊ नका. आधी गवताळ माळातल्या पायवाटेनं चाला. सप्टेंबरात तिथलं बिग ब्लूस्टेम गवत डोक्याच्या वर जातं, वाऱ्यानं सळसळतं, आणि त्याच्या मुळांनी गच्च विणलेली माती नांगरणं म्हणजे काय असेल हे तिथंच कळतं. माझे आजोबा शेतकरी होते, मला तिथं त्यांचीच आठवण आली.

आणखी एक. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, ती ओटो-मिसूरिया या मूळ अमेरिकी जमातीची होती. कबरीपुढे उभे राहाल तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा.

टोपी, पाणी आणि लांब पँट हवीच. गवतात गोचिड्या असतात, परतल्यावर पाय नीट तपासा.