पीएलएचे कापड पॉलिस्टरच्या कृतीने रंगवता येईल का?

आपण विचारले आहे की, मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) धाग्याचे निटेड कापड नेव्ही ब्लू रंगवायला कोणते डिस्पर्स रंग (पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, पॉलिस्टरसारख्या तंतूंसाठीचे रंग) घ्यावेत, आणि पॉलिस्टरसाठी बसवलेली १३० अंशांची कृती त्याला चालेल का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. ‘हेही शेवटी पॉलिस्टरच’ असे जो कोणी आपल्याला सांगत असेल, त्याच्या हाती आपला माल देऊ नका.

इतके ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, बडोद्यातील एका प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत असताना मी याच वाक्याशी भांडलो आहे. एका निर्यातदाराचे पीएलएचे कापड आमच्याकडे आले, तेव्हा मी नमुने ११० अंशांवर, ॲसेटिक ॲसिडने पीएच ५ च्या आसपास ठेवून, अर्धा तास रंगवले आणि तेच आकडे कृतीच्या कागदावर लिहून खाली पाठवले. डाईंग मास्तरांनी ११० खोडून १३० केले, कारण गडद निळा कमी तापमानाला भरतच नाही असा त्यांचा अनुभव होता, आणि तो सगळा अनुभव पॉलिस्टरवरचा होता. नंतरची रिडक्शन क्लिअरिंगही, म्हणजे पृष्ठभागावर उरलेला रंग काढणारी धुलाईही, त्यांनी नेहमीप्रमाणे कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून ८० अंशांवर करून घेतली. जेटमधून, म्हणजे रंगवण्याच्या यंत्रातून, उतरलेला लॉट दिसायला उत्तम होता, शेडही जुळली होती. कापड ताणून सुकवणाऱ्या स्टेंटर यंत्राच्या पिनांवर चढून ताण बसताच मात्र कापड कडेने फाटत गेले.

दोष अर्थातच धाग्यावर टाकण्यात आला. मी कच्चे कापड, माझा ११० अंशांचा नमुना आणि लॉटमधला तुकडा अशा तिन्हींची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ (फाटेपर्यंत कापड किती दाब सोसते ते) तपासून मालकांसमोर ठेवली. पहिल्या दोहोंत नाव घेण्यासारखा फरक नव्हता, तिसरा निकामी होता. त्यावर मास्तर म्हणाले, ‘अहो, कुजणारेच कापड आहे ते, जरा लवकर कुजले इतकेच.’ मालकांनाही ते पटले. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून रंगकाम पद्धतशीर शिकवण्याची सोय केली, तिथे हे ऐकावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

‘हेही पॉलिस्टरच’ हे मास्तरांचे गृहीतक अर्धे खरे होते, कारण पॉलिस्टरप्रमाणे पीएलएच्या रेणूंच्या साखळ्याही एस्टर नावाच्या रासायनिक बंधांनीच जोडलेल्या असतात. परंतु नेहमीच्या पॉलिस्टरच्या साखळीत बेंझिनची ताठर कडी असते आणि ते २५५ अंशांच्या पुढे वितळते. पीएलएमध्ये ती कडी नाही, ते १७० अंशांच्या सुमारास वितळते आणि ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. रंग त्यात कमी तापमानाला शिरतो तो यामुळेच. मात्र खूप तापलेले पाणी त्याचे एस्टर बंध भराभर तोडते, आणि जोडीला कॉस्टिक असेल तर ही तोड अधिकच वाढते. साखळ्या आखूड झाल्या तरी रंग आणि स्पर्श जागच्या जागी राहतात. जाते ती ताकद. कंपोस्टच्या ढिगात पीएलए नष्ट होते, त्याची पहिली पायरीही हीच असते: ६० अंशांच्या जवळपासची उष्णता आणि ओल आधी साखळ्या तोडतात, मग सूक्ष्मजीव ते तुकडे पचवतात. कापडाचा वापर संपल्यावर काही महिन्यांत व्हायचे काम आमच्याकडे जेटमध्येच सुरू करून दिले गेले. अंगावर चढण्याआधी फाटलेल्या सदऱ्याने पर्यावरणाचे काहीही भले होत नाही, त्यावर खर्चलेले पाणी, वाफ आणि रंग तेवढे वाया जातात.

रंगांबाबत थोडक्यात सांगतो. मध्यम ऊर्जेचे (म्हणजे तंतूत शिरायला मध्यम उष्णता लागणारे) ॲझो प्रकारचे डिस्पर्स रंग घ्यावेत. उच्च ऊर्जेचे रंग ११० अंशांवर पुरेसे आत जात नाहीत. पीएलएवर रंग पॉलिस्टरपेक्षा कमी चढतो, पण तंतूचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) कमी असल्यामुळे चढलेला रंग अधिक गडद दिसतो, त्यामुळे पॉलिस्टरच्या शेड कार्डावरून टक्केवारी उचलू नये. क्लिअरिंग सोडा ॲश आणि हायड्रोने ६० अंशांवर पंधरा मिनिटे पुरते. पाणी सोडण्यापूर्वी ते ५० अंशांपर्यंत सावकाश थंड करावे, नाहीतर घड्या कायमच्या बसतात. स्टेंटर १३० अंशांच्या वर नेऊ नये आणि अर्ध्या मिनिटाहून फार जास्त उष्णता देऊ नये. हीट सेटिंग (उष्णतेने कापडाचा आकार पक्का करणे) शक्यतो रंगवण्याआधी उरकावे, कारण नंतरच्या उष्णतेने रंग पृष्ठभागाकडे येतो आणि धुलाईतला पक्केपणा घटतो.

हे सर्व आकडे साध्या पीएलएचे आहेत, हे लक्षात घ्यावे. आपला धागा पीबीएसचा (पॉलिब्युटिलीन सक्सिनेट या दुसऱ्या पॉलिस्टरचा) निघाला, तर तो ११५ अंशांच्या सुमारासच वितळतो, त्यामुळे वरची १३० अंशांची स्टेंटरची मर्यादा त्याला चालत नाही. कापूस मिसळलेला असेल, तर कापसासाठीच्या रिॲक्टिव्ह रंगांसोबत येणाऱ्या अल्कलीचा वेगळा विचार करावा लागतो. कोणताही धागा असला तरी प्रत्येक लॉटमधला कच्च्या कापडाचा तुकडा बाजूला ठेवा आणि कृतीत तापमान बदलणाऱ्याची कागदावर सही घ्या. माल फाटला, तर धागा देणाऱ्याला फोन करण्यापूर्वी जेटच्या तापमानाची नोंद मागवा.