पुराणातलं काय घ्यावं, काय मोडावं?

या वेळी जुन्या पुराणकथा आणि आजची अद्भुतकथा यांच्या नात्याविषयी आलेले प्रश्न घेतले आहेत. स्वतः लिहू पाहणाऱ्यांचे प्रश्न अधिक होते, म्हणून त्यांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : टॉल्किनच्या 'द हॉबिट' या कादंबरीतल्या बुटक्यांची नावं एका जुन्या आइसलँडिक काव्यातून जशीच्या तशी घेतली आहेत, असं वाचलं. ड्रॅगनही जुनाच. मग टॉल्किनचं स्वतःचं असं काय उरतं? (एक वाचक, नाशिक)

नावं घेतलेली आहेत, यात वादच नाही. 'व्होलुस्पा' या काव्यात बुटक्यांच्या नावांची लांबलचक यादी येते. थोरिन, ड्वालिन, फिली, किली, बोम्बुर सगळे तिथे आहेत. बालिन तेवढा नाही. 'ओकची ढाल' अशा अर्थाचं नाव त्या यादीत एका वेगळ्याच बुटक्याचं आहे, टॉल्किनने ते थोरिनचं उपनाव करून टाकलं. गँडाल्फ हाही यादीतलाच एक बुटका. टॉल्किनच्या पहिल्या खर्ड्यात बुटक्यांच्या म्होरक्याचं नाव गँडाल्फ होतं आणि जादूगाराचं ब्लाडोर्थिन. नावांची अदलाबदल नंतर झाली. म्हणजे नाव हा या सगळ्यातला सर्वांत सैल भाग. ते कुठेही चिकटवता येतं, आणि म्हणूनच नुसत्या नावाच्या उसनवारीने काही साधत नाही.

खरं काम पाहायचं तर ड्रॅगनकडे पाहावं लागतं. तिथे दोन जुन्या कथा एकत्र आल्या आहेत.

पहिली 'बेओवुल्फ'. हे जुन्या इंग्रजीतलं ३१८२ ओळींचं काव्य. ते एकाच हस्तलिखितात टिकलं, आणि १७३१च्या आगीत ते हस्तलिखितही कडेने होरपळलं. काव्याच्या उत्तरार्धात तीनशे वर्षं खजिना राखत बसलेला ड्रॅगन आहे. कुणीतरी एक पेला चोरतो, ड्रॅगन खवळतो, मुलूख जाळतो आणि म्हातारा राजा बेओवुल्फ त्याच्याशी लढताना मरतो. चोराला नाव नाही, त्याच्या वाट्याला ओळीही मोजक्याच. टॉल्किनने या बिननावाच्या चोराला कथेच्या मध्यावर आणलं. राजा आणि शूरवीर बाजूला गेले, पेला चोरणारा घरकोंबडा गृहस्थ, बिल्बो, नायक झाला. घटना तीच, ती कुणाच्या अंगावर घडते, तेवढं बदललं. टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता आणि 'बेओवुल्फ'वरचं त्याचं १९३६चं व्याख्यान अजून अभ्यासलं जातं. तरी चोरीचा प्रसंग लिहिताना ते काव्य जाणीवपूर्वक डोळ्यांपुढे नव्हतं, असं त्याने एका पत्रात म्हटलं आहे. पूर्ण मुरलेली कथा अशीच न विचारता येते.

दुसरी कथा जुन्या नॉर्स काव्यातली, वीर सिगुर्ड आणि ड्रॅगन फाफनिर यांची. सिगुर्ड खड्ड्यात लपून ड्रॅगनच्या पोटात तलवार खुपसतो. मरता मरता ड्रॅगन नाव विचारतो आणि सिगुर्ड आधी ते दडवतो. मरणाऱ्याने नाव घेऊन दिलेला शाप फळतो, अशी समजूत होती. तसा खुलासा त्या काव्यातच दिला आहे. बिल्बोही स्मॉग या ड्रॅगनला नाव सांगत नाही, स्वतःसाठी कोड्यात टाकणारी विशेषणं वापरतो. पण त्यातलंच 'पिंपावर स्वार होणारा' हे विशेषण ड्रॅगनला सरोवरावरच्या गावाचा माग देतं आणि तो ते गाव जाळायला निघतो. मूळ कथेत नाव दडवणं हे संरक्षण होतं. इथे दडवण्याच्या हुशारीनेच तिसऱ्या कुणाचा तरी बळी जातो. तुम्ही विचारलेलं 'स्वतःचं' ते हे.

प्रश्न : अदृश्य करणारी अंगठी कोणत्या पुराणातली? (एक वाचक, बेळगाव)

एका नव्हे, निदान दोन जागच्या. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात गायजीस नावाच्या मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा तळव्याकडे फिरवला की तो दिसेनासा होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर माणूस नीट वागेल का, हा प्लेटोपुढचा प्रश्न. या अंगठीला शाप नाही. शापित अंगठी उत्तरेकडची, नॉर्स कथांतली : लोकी हा देव ती आंडवारी नावाच्या बुटक्याकडून हिसकावतो, आंडवारी शाप देतो आणि पुढे त्या सोन्यापायी फाफनिर बापाला मारून ड्रॅगन होतो.

टॉल्किनने दोन्ही जोडल्या, पण एका झटक्यात नाही. 'द हॉबिट'च्या १९३७च्या पहिल्या आवृत्तीत अंगठीचा आधीचा मालक गोलम बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरला म्हणून अंगठी द्यायला खुशीने तयार असतो. तेव्हा ती नुसती गायजीसची अंगठी होती, सोयीची वस्तू. पुढच्या मोठ्या कादंबरीत, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, तिला शाप जडला, तेव्हा हा प्रसंग अंगलट आला. अशी वस्तू कुणी हसत देईल कसा? म्हणून १९५१च्या आवृत्तीत ते पाचवं प्रकरण नव्याने लिहिलं गेलं. दोन पुराणकथा जोडताना सांधा असा उघडा पडतो. एकीतला नियम दुसरीतला प्रसंग अशक्य करून ठेवतो. तुमच्या लेखनात असं झालं तर वरून सारवण्यापेक्षा प्रसंग पुन्हा लिहिणं बरं.

प्रश्न : अश्वत्थाम्यावर अद्भुतकादंबरी लिहितो आहे. चिरंजीव, कपाळावर वाहती जखम, तेल मागत फिरणारा. पण दोन प्रकरणांनंतर कथा हलतच नाही. काय चुकतं आहे? (एक वाचक, पुणे)

तुम्ही तीन वेगवेगळ्या थरांतला अश्वत्थामा एकत्र घेतला आहे आणि नेमका कथेला उपयोगी भाग गाळला आहे. हे थर आधी वेगळे करा.

महाभारतातलं सौप्तिकपर्व काढा. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची चिकित्सक आवृत्ती (काम १९१९ ते १९६६) हाताशी ठेवा. तिथे अश्वत्थामा मणी स्वतः काढून देतो. मण्याचे गुणही नेमके सांगितले आहेत : तो बांधला की शस्त्र, व्याधी, भूक, देव, दानव, नाग, राक्षस, चोर कशाचंच भय नाही. म्हणजे मणी गेल्यावर तो माणूस काय काय गमावतो, याची यादी आयती मिळाली. आणि कृष्णाचा शाप 'त्रीणि वर्षसहस्राणि', तीन हजार वर्षं, पू आणि रक्ताचा दर्प अंगावर घेऊन एकट्याने भटकण्याचा आहे. कायमचा नाही.

तलवारीने केसांसकट मणी कापून घेणारा अर्जुन हा भागवतातला. 'अश्वत्थामा बलिर्व्यासो' म्हणत त्याला चिरंजीवांत बसवणारा श्लोक नंतरचा. आणि तेल मागणारा अश्वत्थामा लोकपरंपरेतला. नर्मदेच्या परिक्रमेत त्याच्या गोष्टी ऐकू येतात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. यांतलं कोणतंही खोटं नाही, पण त्यांचे नियम जुळत नाहीत. ज्याला अंत नाही आणि ज्याच्यासाठी काही बदलतही नाही, असा माणूस कथेला पुढे ढकलू शकत नाही. तुमची दोन प्रकरणं तिथेच अडली आहेत.

मुदतीचा शाप घेतलात तर गणित बदलतं. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ आणि युद्ध त्याच्या ३६ वर्षं आधी. त्या हिशेबाने शिक्षा इसवी सनपूर्व १३८च्या सुमारास, सातवाहन काळाच्या उंबरठ्यावर, संपते. इतिहास म्हणून हे आकडे कुणी धरू नयेत, पण कादंबरीला ते पुरेसे आहेत. शिक्षा भोगून मोकळा झालेला अश्वत्थामा पैठणच्या रस्त्यावर काय करेल? किंवा मुदत संपली हे त्याला कुणी सांगितलंच नसेल तर?

लिहिण्यापूर्वी एक कागद करा. मूळ प्रसंग दहा ओळींत उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी मांडा : नियम कोणता, तो मोडल्याची किंमत काय, ती कोण मोजतं. मग एकच ओळ बदला आणि बाकीच्या नऊ त्या बदलासकट खऱ्या ठरतात का ते तपासा. एकदम तीन ओळी बदलल्या की वाचकाला मूळ कथा ओळखू येत नाही, आणि मग अश्वत्थामा हे नाव ठेवण्यात अर्थ राहत नाही. सरळ नवा माणूस घ्यावा.

एक धोका वेगळा सांगतो, कारण मराठीत तो फार दिसतो. नायक केला की लेखक त्याला धुऊन काढतात. या माणसाने झोपलेल्या धृष्टद्युम्नाला, तो 'निदान शस्त्राने मार' म्हणत असताना, लाथांनी ठार केलं आहे. द्रौपदीची पाच मुलं मारली आहेत. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं आहे. हे गाळलंत तर शाप अन्यायाचा होतो आणि कादंबरी रडगाणं. ठेवलंत तर वाचकाला त्याच्याबरोबर चालताना अवघडल्यासारखं होईल. व्हायलाच हवं.

प्रश्न : माझ्या कथेत वेताळ आहे, पण सगळे म्हणतात तो व्हँपायर वाटतो. (एक वाचक, मडगाव)

ही सरमिसळ जुनी आहे. रिचर्ड बर्टनने १८७०मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणल्या त्याच 'व्हँपायर' असं शीर्षकात घालून. तुमच्या कथेतून रक्त पिणं आणि सुळे काढा, मग काय उरतं ते पाहा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त उरतो तो एक घट्ट नियम. राजा (तिथे त्याचं नाव त्रिविक्रमसेन आहे) बोलला तर प्रेत परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला येत नाही आणि म्हणूनच तो गप्प राहू शकतो. जिथे ज्ञान अडवतं आणि अज्ञान सोडवतं, असा कथेचा सापळा रचणारा माणूस थोरच म्हणायचा. वेताळाला मोबाइलच्या जगात आणा, मुंबईच्या लोकलमध्ये बसवा, पण हा सापळा मोडू नका.

तुम्ही गोव्याचे; तुमच्याकडे दुसरा, याहून वेगळा वेताळ आहेच. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तो गावाचा राखणदार देव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात. कोडी घालणारा स्मशानातला आणि चपला झिजवणारा गावातला, यांपैकी एक निवडा. दोन्ही हवे असतील तर एक दुसरा कसा झाला हीच तुमची कथा होऊ द्या.

प्रश्न : पुराणकथेवर कुणाचा हक्क नाही, मग हवं ते घेता येतं ना? (एक वाचक, सोलापूर)

मूळ कथा मोकळी आहे, तिचं आधुनिक रूप नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. वि. स. खांडेकर १९७६मध्ये गेले, म्हणजे 'ययाति' २०३६च्या अखेरपर्यंत संरक्षित. ययाती, देवयानी, कच महाभारतातले आहेत, ते घ्या. पण खांडेकरांनी कचाला परत आणून ययातीसमोर जसा उभा केला, ती रचना त्यांची. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. भाषांतरावर भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो, म्हणून उतारा घेताना मूळ संस्कृतवरून स्वतःचं भाषांतर करा. परकीय बाजूला आणखी एक फरक आहे : ड्रॅगन, एल्फ, बुटके कुणाचेही नाहीत, पण 'हॉबिट' हे नाव वापरू नका. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध खेळाला ते १९७०च्या दशकात काढून 'हाफलिंग' करावं लागलं होतं.