फोनकडे हात जातो ना, तिथेच बघ

अगं, तुझा परवाचा मेसेज वाचला, मग परत वाचला. डोंबिवलीला चढले, एकदम घाटकोपर, मधलं एकही स्टेशन आठवत नाही, मावशी सगळं आयुष्य असंच जाणार का... आणि त्याच्याच खाली लगेच ध्यानाच्या तीन ॲपच्या लिंका, इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना कोर्सची चौकशी, आणि "यातलं बेस्ट कोणतं?" हसूही आलं आणि पोटात तुटलंही.

आधी ते घाटकोपर. त्यात काही बिघडलेलं नाहीये. रोजच्या गाडीत कांजूर विक्रोळी डोळे फाडून बघितलंच पाहिजे असं कोणी सांगितलं तुला? सवयीची कामं मेंदू सवयीवर टाकतो म्हणून तर आपण पोळ्या लाटता लाटता गप्पा मारतो. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी 2010 मध्ये सव्वादोन हजार लोकांना दिवसभरात मधेच फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय, तर जवळपास 47 टक्के वेळा हातात एक आणि डोक्यात दुसरंच. तेव्हा तू काही स्पेशल केस नाहीस.

मला खटकली ती तुझी दुसरी ओळ, जी तू येताजाता टाकून दिलीयस. साहेबांनी शनिवारी येशील का विचारलं आणि "तोंडातून हो सर निघूनच गेलं", मग रात्रभर चरफडलीस. हे बघ, महागात पडतं ते हे ऑटोपायलट, न कळता आपोआप होऊन जाणं. स्टेशनं न आठवल्याने कोणाचं काही जात नाही, तुझे शनिवार मात्र असेच जातायत.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि तू कंटाळलीस तरी मी ते सांगत राहणार आहे. आधी कळू दे, मग कर. हो म्हणायचंय? म्हण की. पण तोंडाशी हो आलंय हे आधी कळू दे. रील बघायचंय, बघ, माझी काही हरकत नाही, फक्त हात फोनकडे निघालाय हे तुला कळू दे. आईवर ओरडायचंय... बरं ते नको, पण तिथेही तेच.

आता तू म्हणशील मग त्यासाठी डोळे मिटून कशाला बसायचं, दिवसभर लक्ष ठेवलं की झालं. नाही होत गं. ऑफिसात ते इतक्या झपाट्याने होतं की साहेबांचं वाक्य संपायच्या आत तुझं हो बाहेर पडलेलं असतं. म्हणून जिथे काहीच करायचं नाहीये अशा ठिकाणी बसून ते शिकायचं. श्वास नाकाशी येतोय, जातोय, तेवढं बघायचं, लांब करायचा नाही, मोजायचा नाही. मन पळेल, आण परत, त्याचं फार कौतुक पण नको आणि दुःख पण नको. थोड्या वेळात गालाला खाज सुटेल. सुटतेच. आणि तुला कळायच्या आत हात वर जाऊन, खाजवून, मांडीवर परत आलेला असेल. हाच तुझा "हो सर", सेम टू सेम! पुढच्या वेळी हात जाऊ देऊ नकोस, खाज नुसती बघ, कुठे आहे, वाढतेय का, सरकतेय का, बऱ्याचदा ती आपली आपण विरते. नाही विरली तर खाजव ना, कोण नको म्हणतंय. पण आधी कळू दे.

इगतपुरीला हेच करून घेतात. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, फोन जमा, वही पेनसुद्धा नाही, पहिले तीन दिवस फक्त श्वास, म्हणजे आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघायच्या, आणि मग रोज तीन वेळा एकेक तास हात पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. गुडघे बोंबलतात. लोकांना वाटतं ही सहन करण्याची परीक्षा आहे. अजिबात नाही, ते गालाच्या खाजेचंच मोठं रूप आहे. आणि हे कोर्स सुरू करणाऱ्या गोएंकाजींचे गुरू कोण माहितीये? सयाजी ऊ बा खिन, ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल! ऑफिस सांभाळून ऑफिसातल्याच लोकांना ध्यान शिकवायचे. मी जन्मभर बँकेत व्हाउचरं तपासली, त्यामुळे मला या माणसाबद्दल जरा जास्तच प्रेम आहे, पण मुद्दा असा की वेळ मिळत नाही हे तू मला सांगू नकोस.

ॲपचं म्हणशील तर वापर, पावसाचा आवाज बिवाज छान असतो. पण तू लिहिलंयस स्ट्रीक, म्हणजे ॲपमधली सलग दिवसांची मोजणी, तुटली म्हणून दिवसभर अपसेट होते. अगं मग ध्यानाचंही ऑटोपायलटच झालं की! आणि "बसल्यावर शांत वाटत नाही" ही तक्रार. शांत वाटायला बसतंय कोण? गोएंकाजी स्वतः मायग्रेनला कंटाळून सयाजींकडे गेले होते, तर ते म्हणाले डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये ध्यानाचा कोर्स सुरू केला, तोही जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी. त्यात एक मनुका दहा-पंधरा मिनिटं बघत, हुंगत, चावत खायला लावतात. मी पण हसले होते. मग एकदा खाल्ली तशी, आणि कळलं की पहिली पुरती चावून व्हायच्या आत हात दुसरीकडे निघालेला असतो.

मी कशामुळे सुरू केलं विचारलंस. मुलगा लहान असताना सकाळची फास्ट पकडायची असायची. त्याच्या त्या सगळ्या वर्षांतलं माझं एकच वाक्य मला माझ्या आवाजात आठवतं, "आवर लवकर". तो काहीतरी दाखवायला घेऊन यायचा. हातात काय असायचं ते काही केल्या आठवत नाही, आवर लवकर तेवढं आठवतं. आता तो पुण्याला असतो, फोन करतो, सगळं छान आहे, तसं काही नाही. पण गाडी चुकली असती तर काय झालं असतं, पुढची होतीच की.

म्हणून आता सकाळी एक तास मी कोणाची नसते. फोन घेत नाही, बेल वाजली तरी दार उघडत नाही. घरातल्या एका साखरपुड्याला त्यापायी उशिरा पोचले त्याचे टोमणे अजून चालू आहेत आणि तुझी आईसुद्धा म्हणते मावशी विचित्र झालीये. होऊ दे. उरलेले तेवीस तास सगळ्यांचेच आहेत, आणि खरं सांगू, त्या एका तासामुळेच आता समोरचं माणूस बोलताना मी त्याच्याकडे बघते, पण हे कोणी मोजत नाही, उशिरा आले तेवढं मोजतात. जाऊ दे.

तर तुझं उत्तर. ॲप, कोर्स यातलं काहीही निवडायच्या आधी महिनाभर सकाळी वीस मिनिटं, घड्याळ लावून, खुर्चीवर बसलीस तरी चालेल. मूडला विचारायचं नाही. आणि दिवसातली एकच गोष्ट धर, साहेबांना उत्तर देताना एक श्वास घ्यायचा आणि मग बोलायचं, हो बोललीस तरी पास. मात्र ते मधे लिहिलंयस, रात्री छातीत धडधडतं, झोप मोडते, ते अजूनही चालू असेल तर आधी डॉक्टरकडे जा. ते अंगावर काढून एकदम दहा दिवस मौनात जाऊन बसणं मला मान्य नाही, काहींना तिथे त्रास वाढतो. कोर्सच्या फॉर्ममध्ये मानसिक त्रास आणि औषधं विचारतात, तिथे लपवाछपवी करू नकोस.

महिन्यानंतरही जावंसं वाटलं तर भर फॉर्म. फी नाही, शेवटी ज्याने त्याने वाटेल ते दान द्यायचं. जाऊन येऊन बारा दिवस धर आणि रजा आत्ताच टाकून ठेव, साहेबांना विचारू नकोस, सांग. लोकल कसाऱ्यापर्यंतच आहे, कल्याणहून नाशिककडची मेल पकड, आणि डिसेंबरात जाणार असशील तर माझी जाड शाल घेऊन जा, पहाटे चारला तिथे दात वाजतात.